फूट, मीटर आणि मधली फट

मेट्रिक चांगले की फूट-पौंड, हा वाद निघाला की दोन्ही बाजूंची वाक्ये पाठ केल्यासारखी समोर येतात. एक बाजू म्हणते, दहाच्या पटीत सगळे इतके सोपे असताना बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा यार्ड आणि १७६० यार्डांचा मैल हे ओझे कशाला वाहायचे? दुसरी म्हणते, फूट आणि इंच माणसाच्या अंगाशी जुळलेले आहेत, मीटर मात्र शास्त्रज्ञांनी कागदावर ठरवला. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण त्यांनी वादाचा निकाल लागत नाही, कारण रोजच्या जीवनात माप एकाच कामासाठी वापरले जात नाही. काही आकडे आपण हिशेबासाठी वापरतो, काही केवळ अंदाज यावा म्हणून बोलतो, आणि काही आकडे तर मापे राहिलेलेच नसतात. ती नुसती नावे असतात. या तिन्हींची सरमिसळ झाली की भांडण लांबते.

मी स्वतः मेट्रिकच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही कोणी माझी उंची विचारली तर तोंडून ‘पाच फूट आठ इंच’ हेच निघते, आणि एखाद्याने आपली उंची १७३ सेंटिमीटर सांगितली तर तो माझ्याएवढाच आहे हे उमगायला मला क्षणभर थांबावे लागते. यात मला काही विसंगती वाटत नाही. उंची सांगताना मी कसलाही हिशेब करत नसतो, तो आकडा घेऊन पुढे कोणी कशाला गुणणार किंवा भागणार नसते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक माणूस उभा राहिला की त्या आकड्याचे काम संपते. त्यामुळे ‘उंची सेंटिमीटरमध्येच सांगा’ असा आग्रह धरणारे लोक मला अनाठायी कडक वाटतात. तोच आकडा रुग्णालयाच्या केसपेपरवर किंवा शिवणकामाच्या कागदावर जाणार असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

आकडे नुसती नावे कशी होतात, हे पाहायचे असेल तर मोटारीच्या टायरकडे पाहावे. त्याच्या कडेला ‘२०५/५५ आर १६’ असे काहीतरी ठसवलेले असते. यातला २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती कोणत्याच एककात नाही. ती रुंदीच्या शेकडा ५५ इतकी आहे. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणी दाखवते, आणि शेवटचा १६ हा आकडा चाकाच्या रिमचा व्यास आहे, तोही इंचांत. आता या चाकाचा एकूण व्यास काढायचा म्हटले तर २०५ चे शेकडा ५५ काढून त्याची दुप्पट करायची, म्हणजे २२५.५ मिलिमीटर, मग १६ ला २५.४ ने गुणून ४०६.४ मिलिमीटर मिळवायचे आणि दोन्हींची बेरीज करून ६३१.९ वर पोचायचे. एकाच ओळीत तीन मापनपद्धती नांदत असूनही टायर बदलताना कोणाची अडचण होत नाही, कारण ती ओळ कोणी मोजमाप म्हणून वाचतच नाही. ती पाहून तसाच दुसरा टायर मागितला जातो.

नळकामातला अर्धा इंची पाइप याहून गमतीचा आहे. नेहमीच्या प्रमाणित लोखंडी पाइपचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर असतो, म्हणजे पाऊण इंचाहूनही जास्त, आणि आतला व्यासही बरोबर अर्धा इंच भरत नाही. अमेरिकेत लाकडाच्या ज्या तुकड्याला ‘टू बाय फोर’ म्हणतात, तो रंधून तयार झाल्यावर दीड इंच बाय साडेतीन इंच असतो. संगणकाच्या ‘साडेतीन इंची’ फ्लॉपीची रुंदी मुळात ९० मिलिमीटर ठरवलेली होती. अशा ठिकाणी इंच हटवून मिलिमीटर आणण्याची मोहीम काढणे म्हणजे माणसांची आडनावे बदलण्याची मोहीम काढण्यासारखे आहे. टीव्हीचा पडदा ४३ इंची म्हटला किंवा पँटची कंबर ३२ म्हटली, तर मेट्रिकचे काहीच बिघडत नाही, आणि मेट्रिकवाल्यांनी तिथे शक्ती खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा प्रश्न हिशेबाच्या आकड्यांचा आहे. तिथे मेट्रिक आणि फूट-पौंड हे दोन स्वतंत्र, तुल्यबळ प्रतिस्पर्धी आहेत अशी समजूत असेल तर ती काढून टाकायला हवी. इंचाची व्याख्याच आज मीटरवर आधारलेली आहे. अमेरिकेने १८९३ मध्येच आपला यार्ड आणि पौंड हे मीटर आणि किलोग्रॅम यांच्या आधारे ठरवायला सुरुवात केली. पुढे १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून यार्ड म्हणजे नेमके ०.९१४४ मीटर आणि पौंड म्हणजे नेमके ०.४५३५९२३७ किलोग्रॅम असे मान्य केले. इंच नेमका २५.४ मिलिमीटर होतो तो त्यातूनच. ज्यांना इंच हा मेट्रिकच्या आक्रमणापासून वाचवायचा आहे, त्यांच्या हातातली इंचपट्टी ही अशी मीटरच्याच आधाराने उभी आहे.

फूट-पौंडाची ‘इम्पीरियल पद्धत’ म्हणून एकच पद्धत आहे, हेही खरे नाही. ब्रिटनने १८२४ च्या कायद्याने आपली मापे नव्याने बांधली. अमेरिका तोवर स्वतंत्र झालेली होती आणि तिने जुनीच मापे पुढे चालवली. परिणामी ब्रिटिश गॅलन ४.५४६०९ लिटरचा आहे आणि अमेरिकन गॅलन सुमारे ३.७८५ लिटरचा. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटर, अमेरिकन पाइंट ४७३ मिलिलिटर. गंमत म्हणजे द्रव मोजण्याचा औंस मात्र अमेरिकेचा मोठा आहे, कारण ब्रिटिश पाइंटात २० औंस असतात आणि अमेरिकन पाइंटात १६. एक गॅलन पेट्रोलमध्ये गाडी किती मैल धावते, हा आकडा लंडनच्या जाहिरातीत आणि न्यूयॉर्कच्या जाहिरातीत एकच दिसला, तरी त्या दोन गाड्या सारख्या नसतात. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी निदान कोणाची परंपरा हे तरी सांगितले पाहिजे.

आता फूट-इंचाच्या बाजूने जो सर्वांत भक्कम मुद्दा मांडला जातो, तो भागाकाराचा. बाराला २, ३, ४ आणि ६ यांनी नि:शेष भाग जातो, दहाला फक्त २ आणि ५ यांनी. त्यामुळे फुटाचे तीन सारखे भाग चार इंचांचे होतात आणि मीटरचे तीन भाग करताना ३३३.३३… अशी न संपणारी शेपूट लागते. हे अगदी खरे आहे, आणि हातात करवत घेऊन काम करणाऱ्याला ते बोलणाऱ्यापेक्षा जास्त कळते. पण फुटाखालच्या इंचाचे पुढे बारा भाग होत नाहीत. इंच अर्धा, पाव, अष्टमांश, सोळांश असा अर्ध्या-अर्ध्याने तुटत जातो. अर्धे करत जाण्याला ते सोयीचे आहे, बेरजेला नाही. पाच पूर्णांक तीन अष्टमांश इंचांची एक फळी आणि सात पूर्णांक अकरा सोळांश इंचांची दुसरी फळी शेजारीशेजारी ठेवली, तर एकूण लांबी किती? तीन अष्टमांशाचे सहा सोळांश करायचे, त्यात अकरा मिळवायचे, सतरा सोळांश झाले म्हणून एक पूर्णांक वर न्यायचा, आणि मग उत्तर येते तेरा पूर्णांक एक सोळांश. त्याच फळ्या मिलिमीटरमध्ये मोजल्या तर १३७ अधिक १९५, बरोबर ३३२. पहिली बेरीज जमणारच नाही असे नाही. सराव असलेले कारागीर ती चुटकीसरशी करतात. पण दिवसभरात अशा पन्नास बेरजा करताना एखादी हुकण्याची शक्यता कुठे अधिक आहे, हे सांगायला नको.

शिवाय तीनने भाग जावा अशी सोय मेट्रिकमध्येही करून घेता येते. त्यासाठी एकक बदलावे लागत नाही, माप निवडावे लागते. बांधकामात ६०० मिलिमीटर हा टप्पा फार वापरला जातो, आणि ६०० ला २, ३, ४, ५, ६, ८, १० आणि १२ या सगळ्यांनी भाग जातो. हा तिथे आधीपासून वापरात असलेला रिवाज आहे, वादात जिंकण्यासाठी शोधलेली पळवाट नव्हे.

मेट्रिकवाल्यांचा एक दावा मात्र मला कायम खटकत आला आहे, तो म्हणजे लोक फूट-इंच सोडत नाहीत ते केवळ अडाणीपणाने किंवा हट्टाने. ज्या देशात मीटर जन्मला त्या देशाचा इतिहास पाहिला तरी हे म्हणण्याचे धाडस होऊ नये. फ्रान्समध्ये ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम ही एकके ठरवण्यात आली. मीटरची लांबी उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग धरायची असल्यामुळे डलांब्र आणि मेशँ हे दोन खगोलशास्त्रज्ञ डंकर्क ते बार्सिलोना हे अंतर मोजण्यासाठी कित्येक वर्षे, क्रांतीच्या आणि युद्धाच्या धामधुमीत, हिंडत होते. एवढ्या खटाटोपातून साकारलेली पद्धत लोकांच्या हाती आली, तेव्हा ती लोकांनी मनापासून स्वीकारली नाही, आणि १८१२ मध्ये नेपोलियनच्या राजवटीने तडजोड केली: ५०० ग्रॅमला जुन्या पौंडाचे आणि दोन मीटरला ‘त्वाझ’ या लांबीच्या जुन्या मापाचे नाव देऊन बाजारात ही मिश्र मापे चालू दिली. मेट्रिक पद्धत तिथे पुन्हा सक्तीची झाली ती १ जानेवारी १८४० पासून, म्हणजे जन्मानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने.

त्याच १७९५ च्या कायद्यात आणखी एक कलम होते, जे मेट्रिकचे कैवारी सहसा सांगत नाहीत. क्रांतिकारकांनी दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटे आणि मिनिटाचे शंभर सेकंद अशी दशमान वेळही लागू केली होती. मीटरला जन्म देणाऱ्या कायद्यानेच ती बेमुदत स्थगित केली. त्यानंतर आजतागायत सारे जग साठ मिनिटांचा तास आणि चोवीस तासांचा दिवस निमूटपणे चालवून घेत आहे, आणि कट्टर मेट्रिकवादीही ताशी किलोमीटर म्हणताना त्यातला तास दशमान नाही याबद्दल तक्रार करत नाहीत. का? तर वेळेच्या बाबतीत सगळ्यांचे एकमत आहे. मापाची आतली रचना कितीही ओबडधोबड असली तरी सर्वांचे माप एकच असेल तर व्यवहार अडत नाही, आणि मला तर वाटते की या सगळ्या वादात दहाचा पट हा दुय्यम मुद्दा आहे. मेट्रिकचे मोठेपण ती दशमान आहे यापेक्षा ती जवळपास सगळ्यांची आहे यात अधिक आहे.

दोन मापे शेजारीशेजारी चालतात तेव्हा काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण २३ जुलै १९८३ चे आहे. कॅनडा तेव्हा मेट्रिककडे वळत होता आणि एअर कॅनडाच्या ताफ्यात नव्याने आलेली बोइंग ७६७ विमाने किलोग्रॅममध्ये इंधन मोजणारी होती. जुनी विमाने पौंडांची. त्या दिवशी उड्डाण क्रमांक १४३ च्या विमानातले इंधनदर्शक काटे बंद असल्यामुळे टाकीतले इंधन पट्टीने मोजण्यात आले. टाकीत आधीचे ७,६८२ लिटर होते. प्रवासाला हवे होते २२,३०० किलोग्रॅम. लिटरचे किलोग्रॅम करायला सुमारे ०.८ ने गुणायला हवे होते. पण कागदावर १.७७ हा आकडा होता, जो लिटरचे पौंड करण्याचा आहे. ७,६८२ गुणिले १.७७ बरोबर १३,५९७, आणि हे किलोग्रॅम आहेत असे सगळ्यांनी धरले. मग २२,३०० मधून ते वजा करून उरलेल्या ८,७०३ ला पुन्हा १.७७ ने भागले आणि ४,९१७ लिटर इंधन भरले. प्रत्यक्षात वीस हजार लिटरांहून जास्त भरायला हवे होते. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आल्याचे इशारे सुरू झाले, दोन्ही इंजिने एकापाठोपाठ बंद पडली, आणि वैमानिकांनी ते विमान ग्लायडरसारखे तरंगत नेऊन गिमली येथील वापरातून गेलेल्या हवाई तळावर उतरवले. विमानातले सर्व ६९ जण वाचले.

या हिशेबात गुणाकार, वजाबाकी, भागाकार सगळे बरोबर आहे. चूक आकड्यात नव्हतीच. आकड्याला चिकटलेले एकक वाटेत कुठेतरी गळून पडले होते. १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झाले, तेही असेच: एका संगणक-प्रणालीने पौंड-बलाच्या एककात दिलेला आकडा दुसरीने न्यूटनच्या एककात वाचला, आणि साडेचार पटींच्या आसपासचा हा फरक महिनोन्‌महिने साचत गेला. घरगुती पातळीवर याचेच भावंड म्हणजे लहान मुलाचे वजन पौंडात सांगितले जाणे आणि किलो समजून औषधाची मात्रा ठरवली जाणे. ती मात्रा दुपटीहून अधिक होते, आणि ४४ (पौंड) किंवा २० (किलो) हा आकडा पाहून कोणाला शंका येईलच असे नाही, कारण मुलांची वजने दोन्ही असू शकतात. औषधाच्या बाबतीत तरी मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. तिथे किलोग्रॅम आणि मिलिलिटर, आणि चमचा कोणत्या मापाचा हा प्रश्नच येऊ द्यायचा नाही.

म्हणूनच ‘दोन्ही चालू द्या, ज्याला जे सोयीचे ते त्याने वापरावे’ हा समंजस वाटणारा सल्ला मला पटत नाही. अमेरिकेने १९७५ मध्ये मेट्रिकसाठी कायदा केला, पण तो ऐच्छिक ठेवला. त्यासाठी नेमलेले मंडळ १९८२ मध्ये गुंडाळले गेले. आज तिथे शीतपेयाची बाटली दोन लिटरची, औषध मिलिग्रॅममध्ये आणि दूध मात्र गॅलनमध्ये मिळते. ब्रिटनने १९६५ मध्ये सुरुवात केली, रस्त्यांवरच्या पाट्या बदलण्याचे काम १९७० मध्ये पुढे ढकलले आणि ते आजही ढकललेलेच आहे: पेट्रोल लिटरने भरायचे आणि अंतर मैलांत मोजायचे. अर्धवट सुधारणेतून कटुताही उपजते. संडरलँडमधल्या स्टीव्ह थोबर्न या फळविक्रेत्याचा खटला, केळी पौंडात विकली म्हणून झालेला, २००२ मध्ये लंडनच्या वरच्या न्यायालयापर्यंत गेला आणि तो हरला तरी ‘मेट्रिक हुतात्मा’ झाला. एका फळविक्रेत्याला कोर्टात खेचून मेट्रिकचे काय भले झाले, हे मला आजवर समजलेले नाही.

याउलट ऑस्ट्रेलियाने जुलै १९७४ मध्ये महिन्याभरात देशातल्या रस्त्यांच्या पाट्या मैलांतून किलोमीटरमध्ये आणल्या. आयर्लंडने २० जानेवारी २००५ पासून वेगमर्यादा बदलल्या. दोन्हीकडे लोकांना थोडे दिवस चुकल्यासारखे झाले असणार, पण रोज डोळ्यांपुढे एकच आकडा असला की मन त्याला जुळवून घेते. दोन आकडे शेजारी छापले की ओळखीचाच वाचला जातो आणि दुसरा कधीच ओळखीचा होत नाही. तापमानाचेही तेच. शून्य ते शंभर फॅरेनहाइट ही पट्टी माणसाच्या अनुभवाशी जुळते असे तिचे चाहते सांगतात. पण ज्याचे बालपण सेल्सियसमध्ये गेले त्याच्या अंगावर ‘चाळीस’ म्हणताच घाम येतो, आणि ‘शंभर’ म्हटले तर त्याला उकळते पाणी आठवते. नैसर्गिक वाटणे हा सवयीचाच भाग आहे.

हे सगळे लिहिताना माझ्या मताला अडचणीचे ठरणारे एक ठिकाण मला ठाऊक आहे, आणि ते म्हणजे आकाश. जगातल्या बहुतेक भागात विमानांची उंची फुटांत सांगितली जाते, अंतर सागरी मैलांत, म्हणजे १८५२ मीटरच्या टप्प्यांत. रशिया पूर्णपणे मेट्रिक देश आहे आणि तिथे उड्डाणाच्या पातळ्या कित्येक दशके मीटरमध्येच होत्या. त्या सीमेवर येताना वैमानिकांना दुसऱ्या मापातली पातळी घ्यावी लागे. नोव्हेंबर २०११ मध्ये रशियाने वरच्या थरातल्या उड्डाणांसाठी मीटर सोडून फूट स्वीकारले. मेट्रिकचा कैवारी म्हणून मला याचे वाईट वाटायला हवे होते, पण तो निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो: एकमेकांपासून हजार फुटांच्या अंतराने उडणाऱ्या विमानांनी उंची एकाच मापात सांगितली पाहिजे. उद्या सगळे मिळून एकाच रात्री ३०० मीटरच्या पातळ्यांवर आले तर मी आनंदाने त्यांच्याबरोबर आहे. तोवर एकट्याने मीटर धरून बसलेला देश बरोबर असूनही धोक्याचा आहे.